मोटार आपला वेग कशी राखते?
(सामान्य विज्ञान, इयत्ता सातवी. एका पाठाचे टिपण)

ज्या गावांच्या शिवारातून मोठे रस्ते जातात, त्या गावांतील मुलांना मोटारीचे नवल आता राहिलेले नाही. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सबंध खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो गावे आहेत. सुटीत गावी आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या मोटारीत बसलेला मुलगा शाळेत येऊन सांगतो, ‘‘मामांनी एक बटण दाबले आणि पाय काढून घेतला. गाडी आपोआप चालू लागली!’’ वर्गात कोणी ते खरे मानतो, कोणी थाप समजतो. अशा वेळी शिक्षकांनी विषय टाळू नये. त्या बटणामागे विज्ञानाचे एक मोठे तत्त्व आहे आणि ते सातवीच्या मुलांना पाण्याच्या पिंपावर सहज दाखविता येते. शिवाय ‘गाडी आपोआप चालते’ ही समजूत तशीच राहिली, तर ती पुढे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ती वेळीच दुरुस्त करणे हेही शिक्षकांचे काम आहे.

पाठाचा हेतू

मोटारीतील ‘क्रूझ कंट्रोल’ हे साधन वेग स्थिर कसे राखते, ते मुलांना समजावे. परिणाम पाहून कृतीत दुरुस्ती करणे, म्हणजेच प्रत्याभरण, हे तत्त्व त्यांनी स्वतः प्रयोग करून शोधावे. या साधनाला काय करता येत नाही, हेही त्यांना नेमके सांगता यावे.

साहित्य

तोटी असलेले व पाण्याने भरलेले पिंप. वरचा निमुळता भाग कापून काढलेली एक मोठी पारदर्शक बाटली. तिच्या बुडाजवळ खिळ्याने पाडलेली दोन सारखी भोके. भोके बंद करण्यासाठी काडीच्या दोन खुंट्या. एक रंगीत दोरा. खालचे पाणी धरण्यासाठी घमेले. घमेल्यात जमलेले पाणी पुन्हा पिंपात ओतावे, म्हणजे टंचाईच्या दिवसांतही हा पाठ घेता येईल.

पूर्वतयारी

सायकल सर्वच मुलांच्या परिचयाची असते. तीवरूनच प्रश्नांना आरंभ करावा. सपाट रस्त्यावर एका वेगाने जात असताना चढ लागला, तर काय करावे लागते? उतार लागला तर? समोरून वारा सुटला तर? ‘जोर वाढवावा लागतो’, ‘पाय थांबवावे लागतात’ अशी उत्तरे येतील. मग विचारावे, ‘जोर किती वाढवावा, हे तुम्हांला कोण सांगते?’ येथे मुले क्षणभर थांबतील. सायकल मंदावल्याचे आपल्याला जाणवते आणि त्या जाणिवेवरून आपण जोर ठरवितो, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. ते लगेच सांगून टाकू नये, कारण सबंध पाठ त्या एका उत्तरावर उभा आहे.

हेतुकथन

‘मोटारीला चढ दिसत नाही, वारा लागल्याचे कळत नाही. तरीही बटण दाबल्यावर ती आपला वेग कशी राखते, ते आज आपण पाहू.’

प्रतिपादन: पिंपाचा प्रयोग

बाटलीच्या मध्यावर दोरा बांधावा आणि बाटली तोटीखाली ठेवावी. एक भोक उघडे व दुसरे बंद असावे. तोटी हळूहळू उघडीत पाणी बरोबर दोऱ्याशी येऊन स्थिर होईल, असे करावे. जितके पाणी वरून येते तितकेच भोकातून जाते, म्हणून पातळी स्थिर आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. त्यानंतर फळ्यावर पुढील जोड्या लिहाव्यात.

पाण्याची पातळी — मोटारीचा वेग
दोरा — चालकाने ठरविलेला वेग
तोटी — इंजिनाला शक्ती कमीजास्त पुरविणारी झडप (थ्रॉटल)
भोकांतून जाणारे पाणी — हवा, रस्ता व चढ यांचा विरोध

पहिला भाग. तोटीला कोणी हात लावू नये. दुसऱ्या भोकाची खुंटी काढावी. पातळी उतरू लागेल आणि बरीच खाली जाऊन तेथे स्थिर होईल. चढावर पाय न हलविणाऱ्या चालकाची मोटार अशीच मंदावते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. बटण दाबल्याने पेडल जागच्या जागी अडकून राहते, अशी पुष्कळांची समजूत असते, पण ती चुकीची आहे. झडप स्थिर ठेवली तर वेग स्थिर राहत नाही. वेग स्थिर ठेवायचा असेल, तर झडप सतत हलती ठेवावी लागते.

दुसरा भाग. आता एका विद्यार्थ्याने दोऱ्याकडे पाहत तोटी हाती धरावी. दुसऱ्याने मधूनमधून भोक उघडावे व बंद करावे. पाणी दोऱ्याखाली गेले की पहिल्याने तोटी थोडी सोडावी, वर चढले की आवळावी. थोड्याच वेळात त्याचा हात बसतो आणि पाणी दोऱ्याच्या आसपास राहते. दुसरे भोक उघडे आहे की बंद, हे त्याला पाहावेही लागत नाही. तो पाहतो केवळ पातळी. मोटारीतील साधनही असेच करते. चढ आहे, वारा आहे की गाडीत चार माणसे जास्त बसली आहेत, याची ते चौकशी करीत नाही. वेग किती घटला एवढेच ते पाहते.

तिसरा भाग. तोटी धरणाऱ्याने पाठ फिरवावी. दुसऱ्या मुलाने मनात तीस आकडे मोजल्यावर एकदा ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढेच सांगावे. आता मोठी गंमत होते. ‘खाली’ ऐकून मुलगा तोटी सोडतो. पुढची बातमी येईपर्यंत पाणी दोऱ्याच्या पुष्कळ वर जाते. मग तो तोटी आवळतो, तर पाणी पुष्कळ खाली उतरते. पातळी सारखी हेलकावे खाते. बातमी खरी असून उशिरा आली, तर तिच्यावर केलेली दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते. हा भाग मुले हसत हसत करतील, परंतु त्यातील तत्त्व विसरणार नाहीत.

चौथा भाग. पाणी एक बोट खाली असेल तर तोटी थोडी जास्त उघडावी, दोन बोटे खाली असेल तर दुप्पट उघडावी, आणि पाणी दोऱ्याशी आले तर ती मूळच्या जागी न्यावी, असा नियम घालून द्यावा. दुसरे भोक उघडे ठेवले असता पाणी दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही, किंचित खाली राहते, असे आढळेल. कारण उघड आहे. तूट आहे तोवरच तोटी जास्त उघडी राहते. तूट संपली की जास्तीचे पाणीही थांबते, आणि पुन्हा तूट पडते. मग नियमात एक भर घालावी: ‘तूट थोडी का होईना, पण बराच वेळ टिकली, तर तोटी आणखी किंचित उघडावी आणि तशीच राहू द्यावी.’ आता पाणी दोऱ्याला जाऊन मिळेल.

मोटारीतील रचना

प्रयोग मनात ठसल्यावर मोटारीकडे वळावे. आजच्या मोटारीत चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी किंवा चुंबकीय कडे असते. त्याच्याजवळच्या संवेदकातून, चाक फिरते त्या प्रमाणात विजेचे ठोके निघतात. ठरावीक काळात किती ठोके आले यावरून वेग कळतो. चालकाने बटण दाबले, त्या क्षणी असलेला वेग एका लहानशा गणकयंत्रात नोंदला जातो. प्रयोगातला दोरा तो हाच. हे गणकयंत्र प्रत्यक्ष वेग व ठरविलेला वेग यांतील अंतर दर सेकंदाला अनेक वेळा काढते आणि त्यानुसार विजेच्या छोट्या मोटरीकडून इंजिनाची झडप कमीजास्त उघडविते. डिझेलच्या गाडीत इंधनाचे माप बदलले जाते, तर विजेच्या गाडीत मोटरीला मिळणारी वीज बदलली जाते. तत्त्व मात्र एकच.

दुरुस्ती किती करावी हे ठरविताना गणकयंत्र सामान्यतः तीन गोष्टींचा विचार करते. या घडीला तूट किती आहे, आजवर तूट किती साठली आहे, आणि तूट वाढते आहे की घटते आहे व किती झपाट्याने. पहिलीमुळे प्रतिकार ताबडतोब होतो. दुसरीमुळे चौथ्या भागात दिसलेली चिकट तूट भरून निघते. तिसरीमुळे हेलकावे आवरतात. सायकल चालविताना मूलही न कळत हेच तीन हिशेब करीत असते.

चढावर झडप किती जास्त उघडावी लागते, याची कल्पना येण्यासाठी फळ्यावर एक उदाहरण सोडवावे. मोटारीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम व वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, असे धरू. सपाट रस्त्यावर हवेचा व चाकांचा विरोध मोडण्यास अशा गाडीला ढोबळ हिशेबाने साडेपाच किलोवॅट शक्ती लागते. आता २० मीटर जाता १ मीटर चढणारा रस्ता लागला. गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे सेकंदाला १ मीटर उंच चढते. १,००० किलोग्रॅम सेकंदाला १ मीटर उचलण्यास १,००० × ९.८ = ९,८०० वॅट, म्हणजे ९.८ किलोवॅट जास्त लागतात. एकूण मागणी सुमारे १५.३ किलोवॅट झाली, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट. डोळ्यांना सौम्य वाटणारा चढही इंजिनाला केवढा भारी असतो, हे मुलांना यावरून कळेल.

तुलना: हे तत्त्व किती जुने आहे?

हे सारे कालपरवाचे आहे असे मुलांना वाटू देऊ नये. जेम्स वॅट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा एक नियामक जोडला. जत्रेतील चक्री पाळणा जोरात फिरू लागला की त्याच्या साखळ्यांना टांगलेल्या बैठका बाहेर फाकतात. तसेच इंजिनाचा वेग वाढला की हे फिरणारे गोळे बाहेर फाकत. त्यांना जोडलेली दांडी वाफेची झडप ओढून धरी, आणि वेग उतरला की गोळे खाली येऊन झडप पुन्हा उघडत असे. काही नियामकांमुळे इंजिने हेलकावे खात. त्यामागचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले. वर्गात तिसऱ्या भागात दिसलेला घोटाळा तो याच जातीचा.

नियामक पाहण्यासाठी मुलांना गावाबाहेर जावे लागणार नाही. पुण्यास १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची व अशाच इतरांची तेल-इंजिने महाराष्ट्रातील असंख्य विहिरींवर बसली. त्या इंजिनांना गव्हर्नर असतो. पिठाची गिरणी अशा इंजिनावर चालत असेल, तर दळण टाकताच इंजिन क्षणभर दबते, त्याचा आवाज भरदार होतो आणि लगेच ते पूर्वीच्या लयीत चालू लागते. तेथे तेल वाढविण्यास कोणी माणूस धावलेला नसतो. ते काम गव्हर्नरने केलेले असते. डिझेल ट्रॅक्टरमध्येही नांगर जड मातीत शिरला की हेच घडते. अशी सोय जवळपास असल्यास मालकाची परवानगी घेऊन मुलांना तेथे न्यावे. फिरत्या पट्ट्यापासून त्यांना दूर उभे करावे आणि डोळे मिटून केवळ आवाज ऐकावयास सांगावे.

डोळे मिटून ऐकण्यावरून पुढची कथा सांगावी. मोटारीतील क्रूझ कंट्रोलचा शोध लावणारा अमेरिकन अभियंता राल्फ टीटर (१८९०–१९८२) हा अंध होता. वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने त्याची दृष्टी गेली. तरीही त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. स्पर्शज्ञान तीव्र असल्यामुळे फिरत्या यंत्रभागांचा तोल साधण्यात त्याचा हातखंडा होता. पुढे तो पिस्टनची कडी करणाऱ्या कारखान्याचा प्रमुख झाला, आणि १९३६ साली अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्याला मिळाले.

असे सांगतात की, त्याचा एक वकील मित्र मोटार चालविताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. शेजारी बसलेल्या टीटरला हे हिसके सोसेनात. वेगदर्शकाचा काटा त्याला दिसत नव्हता, पण वेगातील चढउतार त्याचे शरीर टिपत होते. दुसऱ्या महायुद्धात रबर व पेट्रोल वाचविण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा होती. वेग आपोआप आवरता आला पाहिजे, या विचाराला त्यामुळेही चालना मिळाली. त्याला १९५० साली मिळालेल्या एकस्वातील साधन ठरलेल्या वेगाला ॲक्सिलरेटरच्या पेडलावर उलटा दाब आणी. त्या साधनात वेग जाणून घेण्यासाठी वॅटच्या तत्त्वावरचाच गोलक-नियामक होता. पुढे पेडल स्वतः सांभाळण्याची सोय त्यात झाली आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीने हे साधन आपल्या काही मोटारींत बसविले.

ही हकीकत चमत्कार म्हणून सांगू नये. वर्गात दृष्टी अधू असलेला, ऐकू कमी येणारा किंवा पाय अधू असलेला एखादा मुलगा असेल, तर त्याच्याकडे न पाहता, परंतु त्याच्या कानी नीट पडेल अशा रीतीने ती सांगावी.

मर्यादा

हा भाग घाईने उरकू नये. साधे क्रूझ कंट्रोल वेग पाहते, रस्ता पाहत नाही. पुढे बैलगाडी आडवी आली, शाळा सुटून मुले रस्त्यावर आली किंवा वळण लागले, तरी ते आपला वेग राखूनच धावेल. चालकाने ब्रेकचे पेडल दाबताच ते बाजूला होते आणि गाडी पुन्हा माणसाच्या स्वाधीन होते. परंतु ब्रेक दाबण्याचे माणसालाच सुचावे लागते. तीव्र उतारावर झडप पूर्ण मिटली तरी गाडीचा वेग वाढू शकतो, कारण साध्या साधनाला झडप मिटण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून घाटात, गर्दीत आणि पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर ते वापरू नये.

पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी साधनेही आता आहेत. १९९५ साली जपानमध्ये मित्सुबिशीच्या एका मोटारीत लेसर किरणांनी अंतर मोजून वेग कमी करण्याची सोय झाली. १९९९ साली मर्सिडीजच्या मोटारीत रडारच्या साहाय्याने ब्रेकही लावले जाऊ लागले. तथापि या साधनांच्या दृष्टीलाही मर्यादा आहेत, आणि चालकाची जबाबदारी त्यांनी संपत नाही. सरळ, लांबलचक रस्त्यावर पायाला काम उरले नाही की मन सुस्त होते आणि डोळा लागण्याचा धोका वाढतो. साधन मोटारीचा वेग राखते, चालकाची जागृती राखीत नाही. हे वाक्य मुलांनी वहीत उतरून घ्यावे. ज्यांच्या घरची माणसे वाहने चालवितात, त्यांनी ते घरीही वाचून दाखवावे. रस्त्याकडेने चालणाऱ्या किंवा रस्ता ओलांडणाऱ्या मुलांनीही समोरची गाडी आपोआप थांबेल असे कधीही गृहीत धरू नये.

नियम

मुलांच्या उत्तरांतून पुढील चार पायऱ्या फळ्यावर लिहाव्यात: (१) काय हवे ते ठरविणे, (२) काय घडते आहे ते मोजणे, (३) दोहोंतील अंतर काढणे, (४) त्या अंतराप्रमाणे कृती बदलणे आणि पुन्हा मोजणे. या फेऱ्याला प्रत्याभरण म्हणावे.

उपयोजनासाठी प्रश्न

१. तोटी न हलविता पातळी स्थिर का राहिली नाही?
२. बातमी उशिरा मिळाल्यामुळे काय झाले? असे व्यवहारात आणखी कोठे घडते?
३. ताप आला असता शरीराला घाम कधी सुटतो? पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा तोटी कशी बंद करतो? यांत ‘दोरा’ कोणता व ‘तोटी’ कोणती?
४. ठरलेल्या वेळी आपोआप लागणाऱ्या व विझणाऱ्या दिव्यात प्रत्याभरण आहे का? कारण द्या. (नाही. तो घड्याळ पाहतो, उजेड किती आहे ते पाहत नाही.)
५. वरील उदाहरणातील गाडीचा वेग तोच ठेवून चढ ४० मीटरला १ मीटर केला, तर किती शक्ती जास्त लागेल? (४.९ किलोवॅट)

शिक्षकांसाठी

अध्यापनातही हाच फेरा असतो. जो शिक्षक पाठ सांगत जातो आणि मुलांना किती समजले ते वार्षिक परीक्षेतच पाहतो, त्याची स्थिती तिसऱ्या भागातील पाठमोऱ्या मुलासारखी होते. बातमी खरी असते, पण ती हाती येते तेव्हा वर्ष संपलेले असते. दर दहा मिनिटांनी विचारलेला एक प्रश्न, मागच्या बाकावरच्या मुलाच्या पाटीवर टाकलेली एक नजर, यांनी ती बातमी वेळेवर मिळते. या पाठात प्रत्येक भागानंतर थांबून प्रश्न विचारावेत ते त्याचसाठी. एखाद्या भागाशी बरीच मुले अडली, तर पुढचा भाग दुसऱ्या दिवशी घ्यावा. पिंप व बाटली शाळेतच आहेत; प्रयोग पुन्हा करण्यास काही खर्च पडत नाही.